चौथी झोप

रेशमाची अळी जन्मात चार वेळा झोपते. झोपते म्हणजे तोंड वर करून गप्प बसते. आत जुनी कात सैल होत असते, तोवर ती पानाला शिवत नाही. पहिल्या तीन झोपा साधारण एकेका दिवसाच्या. चौथी चांगली दीड दिवसाची. या घरात लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षांत मास्तरणीला घराबाहेरचं जे काही करता आलं, ते बहुतेक त्या दीड दिवसात. भावाचं लग्न, दाढ काढणं, मुलीला शहरातल्या वसतिगृहात सोडून येणं. बाकी सगळा वेळ अळ्या खात असतात आणि माणसं तुतीचा पाला तोडत असतात.

म्हणून परीक्षेची तारीख कळल्यावर तिने आधी बोटं मोजली. परीक्षा बुधवारी सकाळी. म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत चौथी झोप लागायला हवी. तिथून उलट मोजत ती अंड्यांपर्यंत आली आणि अंडी पुरवणाऱ्या केंद्राच्या माणसाला तिने निरोप धाडला, की या वेळी अंडी चार दिवस उशिरा द्या.

“मुहूर्त काढलाय की काय?” त्याने अंडी देताना विचारलं.

“काढलाय. माझाच.”

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, पण ती शाळेत शिकवत नव्हती. उलट नववीतच शाळा सुटली होती. वडील झाडावरून पडले, आई शेतावर गेली आणि धाकट्यांना सांभाळायला ही घरी राहिली. मास्तरीण हे नाव पडलं तीन वर्षांपूर्वी, केंद्रावरच्या प्रशिक्षणात. शिकवायला आलेली मुलगी पुस्तकातून वाचत होती आणि चौथ्या झोपेत अळ्यांचं अंथरूण कोरडं ठेवायला चुना कधी मारायचा ते तिने उलटं सांगितलं. हिने उठून दुरुस्त केलं. मुलीचा चेहरा पडला. मग ती गोड आवाजात म्हणाली, “ताई, तुमचं शिक्षण किती झालंय?” हिने सांगितलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. “बसा हं,” मुलगी म्हणाली. ती बसली. घरी आल्यावर नवऱ्याने ही गोष्ट हसत हसत चारचौघांत सांगितली आणि नाव चिकटलं. हसू विरून गेलं, पण ते “बसा हं” काही तिच्या कानातून गेलं नाही.

त्याच केंद्रात मदतनिसाची जागा निघाली होती. पदवी हवी. पदवीला बारावी हवी, बारावीला दहावी. मग शहरातल्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातल्या कारकुनाने तिला सांगितलं, की ज्यांचं वय झालंय आणि शाळेचा कागद नाही त्यांच्यासाठी विद्यापीठ वर्षातून एकदा परीक्षा घेतं. पास झालात तर सरळ प्रवेश. पहिल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी अळ्या ऐन खादाडीत होत्या. दुसऱ्या वर्षी सासूचा खुबा मोडला. या वर्षी फॉर्म देताना कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, “बाई, यंदा बसाच. पुढच्या वर्षीपासून ही सवलत बंद होतेय.”

आणि यंदाच हवेने दगा दिला.

तिसरी झोप वेळेवर लागली. अळ्या उठल्या, पाल्यावर पडल्या, आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती चिकट भुरभुर आणि हाडात शिरणारा गारठा. ओला पाला अळीला चालत नाही, पोट बिघडतं. त्यामुळे सकाळी तोडलेला पाला ओसरीत पसरायचा, जुन्या चादरींनी एकेक फांदी पुसायची, मग अळ्यांच्या शेडमध्ये न्यायची. तिच्या बोटांच्या पेरांना पाण्याने भेगा पडल्या. तुतीच्या चिकाने तळवे काळे झाले होते, ते साबणाने निघत नव्हते. शेडच्या दारामागे तिने मुलीच्या जुन्या पुस्तकांची पानं खिळ्याला अडकवून ठेवली होती. पाला घालून फिरताना एकेक वाचायची. टक्केवारी, उताऱ्यावरचे प्रश्न, पृथ्वीचे थर. सासू बाहेरून ओरडायची, “अगं, अळ्यांना शिकवतेस की पाला घालतेस?”

“दोन्ही, आई.”

गारठ्यात अळी मंदावते. कमी खाते, हळू वाढते, झोप पुढे ढकलते. रविवारी सकाळी तिने तापमापक बघितला आणि पुन्हा बोटं मोजली. हे असंच राहिलं तर झोप गुरुवारशिवाय लागत नाही. बुधवारी अळ्या झोपेच्या आधीच्या वखवखीत असणार. तेव्हा दोन माणसं दिवसभर वाकलेली लागतात. सासूला खुब्यामुळे उभं राहवत नव्हतं, मोतीबिंदूने दिसतही जेमतेम होतं. राहिला नवरा.

नवरा वाईट नव्हता. खरं म्हणजे तो वाईट असता तर तिचं सोपं झालं असतं. भांडून तरी गेली असती. पण तो चांगला होता, फक्त तंबाखूचा होता. तंबाखू म्हणजे अळीला विष. ती चोळलेल्या बोटांनी पाला घातला तर अळ्या माना टाकतात, हिरवं ओकतात आणि मरतात. म्हणून घराचा नियम होता, की त्याने पाला तोडायचा, वाहायचा, कचरा काढायचा. पण अळ्यांना घालायचा बायकांनी. शेडमध्ये यायचं तर हात साबणाने दोनदा धुऊन. सासू पंचवीस वर्षं त्याची तंबाखू सोडवू बघत होती. शपथा झाल्या, अबोला झाला, एकदा डबी विहिरीत गेली. तो दुसरी आणायचा.

रविवारी जेवताना तो म्हणाला, “मी बघेन ना बुधवारी. एक दिवस. काय होतंय?”

“तू बघशील म्हणजे आम्ही बघितलंच,” सासू म्हणाली. मग सुनेकडे तोंड करून तिने निकाल दिला. “झोपल्या असतील तर जा. माझी ना नाही. जाग्या असतील तर नाही जायचं. अळ्या मारून शिकायचं असेल तर मला ते शिक्षण नको.”

यात चुकीचं काही नव्हतं. मास्तरीण ताटं उचलून मोरीत गेली आणि नळ जोरात सोडून रडली.

सोमवारी दुपारी नवरा पाला आणायला गेला. सासू जेवून आडवी झाली. मास्तरणीने परसातली कोळशाची शेगडी पेटवली, धूर जाऊ दिला, निखारे लाल झाले तशी ती शेडमध्ये नेऊन दाराजवळच्या, अळ्या ठेवायच्या मांडणीखाली ठेवली. खिडक्या लावून घेतल्या. कोळसा शेडमध्ये न्यायचा नाही हाही घराचाच नियम. ऊब हवीच असेल तर गरम पाण्याची पातेली ठेवायची, आणि तीही चार कोपऱ्यांत सारखी. पण पातेल्यांनी दोन दिवसांत झोप लागली नसती. पारा चढला. ती उभी राहून बघत होती. डोकं जड झालं तरी बाहेर आली नाही. अळ्या भराभरा खायला लागल्या. पानांवर पाऊस पडावा तसा त्यांचा आवाज होतो, तो दाराकडून वाढत गेला. तिला हसू आलं. दीड तासाने तिने शेगडी परत परसात नेली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

मंगळवारी तिने पुन्हा तेच केलं.

मंगळवारी दिवस मावळायच्या सुमारास दाराजवळच्या दोन मांडण्यांवरच्या अळ्यांनी माना वर केल्या. अंग ताणलेलं, चकचकीत, तोंड लहान. झोपल्या. ती तिसऱ्या मांडणीकडे गेली. तिथे निम्म्या झोपलेल्या, निम्म्या चरत होत्या. चौथ्या आणि पाचव्या मांडणीवर, भिंतीकडे, एकही झोपली नव्हती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. ऊब दाराशीच राहिली होती. अळ्या मागे-पुढे झाल्या होत्या. रेशीमवाल्याच्या घरात याहून वाईट दुसरं काही नाही. जाग्यांना पाला घालावा तर झोपलेल्या त्याखाली गुदमरतात. न घालावा तर जाग्या उपाशी राहतात. नवशिक्याच्या हातूनही अशी चूक होत नाही. ज्याला झोपेची घाई आहे त्याच्याच हातून होते.

बुधवारी सकाळी ती साडी बदलून, पिशवी घेऊन शेडच्या दारात उभी होती. सासू काठी टेकत आली. दारातून पहिल्या मांडणीवर वाकली, डोळे बारीक केले, एका अळीला बोटाने हलकेच शिवली. अळी हलली नाही.

“झोपल्या,” ती म्हणाली. मग मान वर करून, आतल्या अंधाराकडे बघत, “सगळ्या?”

मागे नवरा सायकल काढत होता, तिला फाट्यापर्यंत सोडायला.

“सगळ्या,” मास्तरीण म्हणाली.

फाट्यावर उतरताना मात्र तिला राहवलं नाही. “अहो, मागच्या मांडण्यांवर दोन-चार जाग्या दिसल्या तर चिमूटभर पाला टाका. आईंना सांगू नका, उगीच घोर लावून घेतील. आणि हात...”

“धुतो गं बाई, दोनदा धुतो. तू तिकडे नीट लिही.”

परीक्षा एका कॉलेजात होती. फाटकावरच्या शिपायाने हात आडवा केला. “पालकांनी बाहेर थांबायचं.”

“मी पालक नाही.”

“मग?”

“मीच आहे,” ती म्हणाली आणि प्रवेशपत्र काढलं. त्याने ते दोन वेळा वाचलं, फोटो बघितला, तिला बघितलं. मागे रांगेतली पोरं थांबली. “जा आत, मावशी,” तो म्हणाला. त्याने काही टोचून म्हटलं नव्हतं, तरी तिला ते टोचलं.

बाक लहान होता. गुडघे आडवे करून बसावं लागलं. पर्यवेक्षक बाईंनी सही घेताना तिच्या काळ्या तळव्यांकडे बघून शाई पुसायला रुमाल पुढे केला. “शाई सांडली का?”

“नाही, पाल्याचा चीक आहे. जात नाही.”

उताऱ्यावरचे प्रश्न सोपे गेले. टक्केवारीत एक गणित सुटलं नाही. शेवटचा प्रश्न चाळीस गुणांचा होता, आणि तो शाळेचा कागद नसलेल्यांसाठीच ठेवलेला दिसत होता. ‘तुमच्या कामात तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. ती का झाली, तिचे परिणाम काय झाले, आणि पुन्हा ती टाळण्यासाठी काय कराल, ते लिहा.’

तिने आधी ओल्या पाल्याने अळ्या आजारी पडल्याची एक जुनी गोष्ट लिहायला घेतली. तीन ओळी झाल्या. ती चूक खरं तर सासूची होती. तिने त्या ओळी खोडल्या. पंखा फिरत होता. तिला घड्याळात अकरा वाजताना दिसले, आणि भिंतीकडच्या मांडण्या डोळ्यांपुढे आल्या. त्या वेळी तिला जगातली एकच चूक माहीत होती. ती खाली वाकली आणि लिहीत सुटली. शेगडी कुठे ठेवली, पारा किती चढला, कुठल्या मांडणीवर किती झोपल्या, काय म्हणायला हवं होतं आणि ती काय म्हणाली. चार पानं झाली. परिणामांच्या जागी तिने लिहिलं, ‘अजून माहीत नाहीत. घरी गेल्यावर कळतील.’

घरी गेल्यावर कळले.

“दोन-चार कसल्या, मागच्या दोन्ही मांडण्या उठून बसल्या होत्या!” नवरा दारातच म्हणाला. “मी पाला घातला. तिसरीवरपण घातला. बरोबर ना?”

ती पिशवीसकट आत धावली. तिसऱ्या मांडणीवर पाल्याचा थर होता, आणि त्याखाली झोपलेल्या अळ्या दबून, ओलावून पडल्या होत्या. तिने एकेक पान उचललं. सासू दारात बसून विचारत राहिली, “काय झालं? काय झालं गं?”

“उशिरा झोपल्यात काही,” ती म्हणाली.

पुढचे आठ दिवस या घरात कुणी पाठ सरळ केली नाही. दाराकडच्या अळ्या उठून कोष विणायच्या घाईला आल्या, तेव्हा भिंतीकडच्या अजून अर्ध्याच होत्या. एकांना पाला, दुसऱ्यांना विणायच्या जाळ्या, तिसऱ्यांना चुना. मग भिंतीकडच्या अळ्या मऊ पडायला लागल्या. कातडी सैल, तोंडातून हिरवट पाणी. ती सकाळी चिमट्याने मेलेल्या वेचायची, नवरा टोपली खड्ड्याकडे न्यायचा, वर चुना टाकायचा. पहिल्या दिवशी मूठभर होत्या, तिसऱ्या दिवशी टोपली भरली.

चौथ्या दिवशी तो खड्ड्याशी बराच वेळ उभा राहिला. ती मागून गेली. त्याने खिशातली तंबाखूची डबी काढली आणि अळ्यांवर टाकून दिली.

“मीच मारल्या,” तो म्हणाला.

“काहीतरीच काय.”

“बुधवारी बाराच्या सुमाराला एक चिमूट टाकली होती तोंडात. मग आठवण झाली पाल्याची. हात धुतले, पण एकदाच. घाईत. एकदाच धुतले गं मी.” त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. “तू इतक्या वर्षांनी एक दिवस बाहेर पडलीस, आणि मला एक दिवस सांभाळता आला नाही.”

बोलायची वेळ हीच होती. त्याचे हात नंतरचे, आधी आपली शेगडी होती, हे तिला कळत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलली की काय होईल तेही दिसत होतं. पुन्हा या जन्मात तिला कुणी ‘जा’ म्हणणार नाही, आणि नाही म्हणाले तर ते बरोबरच असेल. ती टोपली उचलून विहिरीकडे धुवायला गेली.

त्या दिवसापासून त्याने तंबाखूला हात लावला नाही. डोकं धरून बसायचा, चिडचिड करायचा, बडीशेप चघळायचा. अळ्यांकडे जायचं म्हटलं की विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात घासायचा, तीनदा, चारदा. हातांची सालं निघाली. सासूने शेजारणींना बोलावून सांगितलं, की लेकाची तंबाखू सुटली.

कोष निघाले ते पातळ आणि पिचके. निम्म्याहून जास्त केंद्राने परत केले. त्या दुपारी नवरा केंद्रावरच होता. मास्तरणीने सासूपुढे बसून सगळं सांगून टाकलं. शेगडी, दोन दुपारी, ते ‘सगळ्या’.

म्हातारी कोष बोटांत दाबत राहिली. “माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“डोळे गेलेत, नाक नाही गेलं. शेडमध्ये कोळशाचा वास होता. शेगडीतली राख ओली होती. कोण ओततं राखेवर पाणी?”

“मग त्या दिवशी तुम्ही मला अडवलं का नाही?”

“अडवायचं म्हणून तर आले होते दारात. तू साडी नेसून उभी होतीस.” तिने पिचका कोष टोपलीत टाकला. “म्हटलं, जाऊ दे. तुला जाऊ दिलं, ती चूक माझी. आता ऐक. त्याला बोलायचं नाही.”

“आई, ते हात सोलून घेताहेत.”

“घेऊ दे. त्याचा बाप तंबाखूनेच गेला, तोंड सडून. मी पंचवीस वर्षं बोंबलले. आता सुटलीय ती या एका गोष्टीवर सुटलीय. तू तोंड उघडलंस की तो डबी उघडेल. तुला शिकायचंय ना? शीक. पण हे गप्प राहून शीक.”

आधी मास्तरणीला फक्त भीतीने गप्प बसवलं होतं. आता माणसाच्या जिवाचं कारण मिळालं, आणि त्या कारणातून बाहेर पडायला वाट नव्हती.

महिन्याने, शेडमध्ये अळ्यांची नवी खेप आली तेव्हा, नवरा शहरात चुना आणायला गेला आणि अभ्यासकेंद्रावरून पाकीट घेऊन आला. लांबूनच सायकलची घंटा वाजवत आला. “पास! मास्तरीण पास!” फाटकातून शिरेपर्यंत त्याने चार घरांना सांगितलं होतं. दोन शेजारणी मागोमाग आल्या. त्याने पाकीट तिच्या हातात दिलं नाही, स्वतः उघडलं. “प्रवेशाचं पत्र. दर रविवारी वर्ग. आणि ही तुझ्या पेपराची प्रत, पहिल्या वर्गाला बरोबर न्यायची. शेवटच्या प्रश्नाला चाळीसपैकी सदतीस! कारकून म्हणाला, तपासणाऱ्याने दुसऱ्यांना वाचून दाखवलं. मी म्हटलं, काय लिहिलंय? तर म्हणतो, घरी विचारा.”

“काय लिहिलंस गं?” एका शेजारणीने विचारलं.

“कामातलंच. काही नाही.”

“वाच की,” नवरा म्हणाला. “मी वाटेत बघत होतो, तुझं अक्षर म्हणजे अळ्याच चालल्यात. तुझ्या तोंडून ऐकू दे.” त्याने ओसरीवर चटई ओढली. शेजारणी टेकल्या.

“आत्ता कशाला?” सासू आतून म्हणाली. “पाला घालायची वेळ झालीय.”

“पाच मिनिटं, आई. सदतीस मार्क पडलेत.” तो समोर बसला. सोललेले लाल हात त्याने मांड्यांवर उताणे ठेवले होते. मिटले की दुखत असत.

तिने पानं उलटली. खोडलेल्या तीन ओळी दिसल्या, ओल्या पाल्याच्या. त्या वाचता आल्या असत्या. पुढचं रचता आलं असतं, तिला तेवढं येत होतं. कुणाला कळलंही नसतं. दारात सासू काठी धरून उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती, जेवढं दिसत होतं तेवढं.

“बोल ना,” नवरा म्हणाला. “पहिलं वाक्य काय लिहिलंस?”

तिने पुन्हा त्याच्या हातांकडे बघितलं.

“‘आज सकाळी मी घरी खोटं बोलून इथे आले आहे,’” तिने वाचलं. “‘आमच्या अळ्या झोपलेल्या नाहीत. त्यांना झोप लागावी म्हणून मी दोन दुपारी शेडमध्ये शेगडी ठेवली. माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही.’”

म्हातारीची काठी जमिनीवर आपटली. एक शेजारीण हळूच उठली आणि दुसरीला कोपराने ढोसून घेऊन गेली. नवऱ्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, रिकाम्या खिशात चाचपडला, आणि तसाच बाहेर आला.

“पुढे वाच,” तो म्हणाला.